उपचार संपले, तपासणी नव्हे

व्यापारी माणसाला खाते मिटवण्याची सवय असते. शेवटचा हप्ता भरला की तो त्या पानावर रेघ मारतो आणि पुढच्या व्यवहाराकडे वळतो. आजारपणाकडेही तो याच दृष्टीने पाहतो. तोंडाच्या कर्करोगाच्या बाबतीत मात्र ही सवय घातक ठरू शकते.

सांगलीच्या हळद पेठेतील एका अडत्यांच्या डाव्या गालाच्या आतील बाजूस कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया आणि किरणोपचार झाले. पाच वर्षे ते ठरल्या तारखांना न चुकता तपासणीस गेले. 'आता वर्षातून एकदा या,' असे डॉक्टरांनी सांगितले आणि घराने त्याचा अर्थ 'सुटलो' असा घेतला. हळदीचा हंगाम, मग लग्नसराई, मग नव्या गोदामाचे काम, अशी निमित्ते होत गेली आणि लागोपाठ दोन वर्षांच्या तपासण्या बुडाल्या. तंबाखू त्यांनी कधीच सोडली होती. पेढीवरची सुपारी मात्र चालूच होती. सुपारी म्हणजे तंबाखू नव्हे, असे ते म्हणत.

हा समज खरा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तंबाखूविरहित सुपारीलाही माणसात कर्करोग निर्माण करणारा पदार्थ ठरवले आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. १९५३ साली स्लॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडाच्या कर्करोगाच्या ७८३ रुग्णांचा अभ्यास मांडला. गाठीच्या आसपासचे, वरून निरोगी दिसणारे अस्तरही बदललेले असते, असे त्यांना आढळले. वर्षानुवर्षे तंबाखू-सुपारीचा मारा झालेले सारे तोंड हे जणू एकच शेत असते. एक रोप उपटले तरी जमीन तीच राहते. म्हणून काही वर्षांनी दुसऱ्या जागी सर्वस्वी नवा कर्करोग उद्भवू शकतो. ही जुन्या रोगाची थकबाकी नव्हे, हे नवे कर्ज असते. जुना रोग उलटण्याचा धोका पहिल्या दोन-तीन वर्षांत सर्वाधिक असतो आणि पुढे ओसरतो. नव्या रोगाचा धोका मात्र पाच वर्षांनंतरही टिकून असतो.

उपचार झालेल्या तोंडात हा नवा रोग ओळखणे अवघडही असते. किरणोपचारांनी तोंड कोरडे पडते, लाली आणि जळजळ राहते, जबडा पुरता उघडत नाही. त्यामुळे नवा लाल किंवा पांढरा चट्टा जुन्याच त्रासाचा भाग वाटतो. अडत्यांनाही तसेच वाटले. शस्त्रक्रियेनंतर ते उजव्या बाजूनेच चावत. एके दिवशी सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाला त्यांनी भाकरी बाजूला सारून नुसता मऊ भात मागितला. सुनेने विचारले, "अण्णा, आता उजवीकडेही दुखतंय का?" ते म्हणाले, "किरणांचंच आहे, जाईल." तिने बॅटरीच्या उजेडात पाहिले. जिभेच्या उजव्या कडेला लहानसा लाल चट्टा होता. पंधरा दिवस वाट पाहूनही तो गेला नाही, तेव्हा तिने स्वतःच तपासणीची वेळ घेतली.

डॉक्टरांनी जीभ धरून बाहेर ओढली, जिभेखालचा भाग आणि मागच्या दाढेमागची जागा पाहिली, गाल आणि मान बोटांनी चाचपली, घसा दुर्बिणीने तपासला. कारण असा दुसरा रोग घशात, अन्ननलिकेत किंवा फुप्फुसातही उद्भवू शकतो. निर्णय मात्र बायोप्सीने, म्हणजे चट्ट्याचा छोटा तुकडा काढून केलेल्या तपासणीनेच झाला. तो नवा कर्करोग होता, पण लहान होता. जिभेची थोडी कड काढून काम भागले. बुडालेल्या तपासण्यांत तिसरीची भर पडली असती तर इतक्यावर निभावले असते असे नाही.

कर्करोगातून उठलेली व्यक्ती आज अनेक घरांत आहे. त्या घरांनी वर्षाच्या तपासणीची तारीख जीएसटीच्या तारखांप्रमाणे दिनदर्शिकेवर आधीच लिहून ठेवावी. महिन्यातून एकदा भरपूर उजेडात तोंड पाहावे. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, चट्टा, गाठ किंवा गिळताना होणारा त्रास दिसला तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. पाहुण्यांपुढे सुपारीचे तबक ठेवण्याची रीत मोडली तरी आतिथ्यात उणेपणा येत नाही; बडीशेप पुरते. रुग्ण स्वतः 'काही नाही' असेच म्हणणार. विचारण्याचे काम घरच्यांचे आहे.