एका वचनासाठी साप हातात!

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात चॅटनुगा शहर सोडून ईशान्येकडे निघालं, की साधारण अर्ध्या तासात हमरस्ता व्हाइट ओक नावाचा डोंगर ओलांडतो. डोंगर कसला, आपल्या सह्याद्रीपुढे टेकडीच ती! दोन्ही बाजूंना गर्द झाडी आणि मधून सुसाट धावणारे ट्रक. इथे थांबावं असं प्रवाशाला काही दिसत नाही. पण ख्रिस्ती जगातलं एक विलक्षण भांडण याच डोंगरावरून खाली उतरलं.

गोष्ट १९१०च्या आसपासची. जॉर्ज वेंट हेन्सली नावाचा एक निरक्षर तरुण मार्कच्या शुभवर्तमानातल्या सोळाव्या अध्यायाने अस्वस्थ झाला होता. विश्वास ठेवणाऱ्यांच्या खुणा तिथे सांगितल्या आहेत. ते भुतं काढतील, नव्या भाषा बोलतील, साप उचलतील, विष प्यायले तरी त्यांना बाधणार नाही, त्यांच्या स्पर्शाने आजारी बरे होतील. बाकीच्या खुणा पाळायच्या, मग सापाचीच का टाळायची? हेन्सली डोंगरावर गेला, त्याने प्रार्थना केली आणि रॅटलस्नेक, म्हणजे शेपटीला खुळखुळा असलेला जहाल विषारी साप, हातात उचलला. ही कथा सांगणारे ती निरनिराळ्या तऱ्हेने सांगतात, पण डोंगर हाच.

डोंगरापलीकडे क्लीव्हलंड गाव लागतं. ‘चर्च ऑफ गॉड’ या पेन्टेकोस्टल पंथाचं हे मुख्यालय. पंथाचं विद्यापीठही इथेच आहे. त्या काळी पंथाचे प्रमुख ए. जे. टॉमलिन्सन यांनी हेन्सलीला पाठिंबा दिला, त्याला धर्मोपदेशकही केलं. मग दंश झाले, टीका झाली. १९२२ साली हेन्सली पंथातून बाहेर पडला आणि पुढे पंथानेही सापाशी संबंध तोडला. तेव्हापासून ही प्रथा डोंगराळ भागातल्या लहानलहान स्वतंत्र चर्चमध्येच उरली.

तसा ख्रिस्ती धर्माला साप नवा नाही. एदेन बागेत हव्वेला भुलवणारा सापच. पण वाळवंटात सर्पदंशाने माणसं मरू लागली तेव्हा मोशेने खांबावर उभारला तोही पितळेचा सापच, आणि योहानाच्या शुभवर्तमानात येशू स्वतःची तुलना त्या पितळी सापाशी करतो. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स बिशपांच्या दंडावर दोन साप समोरासमोर असतात. केरळातल्या सीरियन ऑर्थोडॉक्स बिशपांच्या हातातही असा दंड दिसतो. कॅथलिक चर्चमध्ये मात्र सापाच्या डोक्यावर पाय देऊन उभी असलेली मारिया भेटते. त्यावरूनही वाद आहेच! सापाचं डोकं कोण ठेचणार, या वाक्यात जुन्या लॅटिन बायबलने ‘ती’ लिहिलं. मूळ हिब्रूत स्त्रीलिंग नाही, असं म्हणत प्रॉटेस्टंटांनी ते नाकारलं. पण ही झाली मूर्तींतली आणि पुस्तकांतली भांडणं. त्यांत कुणाच्या हाताला दात लागत नाहीत.

टेनेसीतल्या वादात लागतात. बॅप्टिस्ट आणि मेथडिस्ट मंडळींपैकी बरेच जण म्हणतात, त्या खुणा पहिल्या शतकातल्या प्रेषितांपुरत्या होत्या. पेन्टेकोस्टल पंथांना खुणा आजही मान्य आहेत, फक्त सापाचा अर्थ ते वेगळा लावतात. माल्टा बेटावर लाकडं गोळा करताना पौलाला साप डसला आणि त्याला काही झालं नाही. संकट आलं तर देव राखतो, पण मुद्दाम पेटी उघडणं म्हणजे देवाची परीक्षा पाहणं, असं त्यांचं म्हणणं. साप धरणारे उत्तर देतात की हे आश्वासन नाही, ही आज्ञा आहे. आणि आज्ञेला ‘पण’ नसतो. त्यांच्यातही एकी नाही. बाप्तिस्मा पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने द्यायचा की केवळ येशूच्या, यावरून तेही विभागले गेले आहेत.

गंमत म्हणजे, चौथ्या शतकातल्या सायनायटिकस आणि व्हॅटिकनस या अतिशय जुन्या हस्तलिखितांत मार्कचं पुस्तक सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनालाच संपतं. सापाचं वचन पुढचं, अठरावं! बहुतेक अभ्यासक ते नंतर जोडलेलं मानतात. डोंगरातल्या भाविकाला त्याचं काय? त्याच्या घरातल्या बायबलात ते छापलेलं आहे.

उपासना साधी असते. गिटार, ढोल, टाळ्या. लांब परकरातल्या, केस न कापलेल्या बायका. व्यासपीठाजवळ जाळी लावलेल्या, कुलूपबंद लाकडी पेट्या. कधी शेजारी स्ट्रिक्निनचं विष घातलेलं पाणी. साप प्रत्येक जण धरत नाही, आत्म्याने प्रेरणा दिली तरच. दंश झालाच तर औषध घ्यायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं. पुष्कळ जण घेत नाहीत.

१९४५ साली टेनेसीतल्या डॉली पाँड चर्चचा एक तरुण सर्पदंशाने गेला आणि १९४७ साली राज्याने या प्रकारावर बंदी घातली. केंटकीने ती १९४० सालीच घातली होती. वेस्ट व्हर्जिनियातल्या जोलो या कोळसा खाणींच्या मुलखातल्या गावी १९६१ साली चर्च चालवणाऱ्या दाम्पत्याची तरुण मुलगी दंशाने मेली. तिथेही बंदीचं विधेयक आलं, पण त्याचा कायदा झाला नाही. स्वतः हेन्सली १९५५ साली फ्लोरिडात साप डसूनच मेला. सरकारी नोंदीत ती आत्महत्या ठरली. त्याच्या अनुयायांना याहून मोठा अपमान कोणता!

क्लीव्हलंडहून उत्तरेला तीनेक तासांवर केंटकीतलं मिडल्सबरो गाव आहे. १९९६ साली खुला झालेला कंबरलँड गॅपचा बोगदा पार केला की डोंगरांच्या कड्यात बसलेलं हे गाव दिसतं. तो वाडगा उल्कापाताने झालेला आहे, पाच-सहा किलोमीटर रुंदीचा. इथल्या जेमी कूट्स या पास्टरला २०१३ साली नॅशनल जिओग्राफिक वाहिनीने देशभर ओळख मिळवून दिली. त्याच वर्षी वाटेवरच्या लाफॉलेट गावात त्याच्या तरुण सहकाऱ्याचे पन्नासहून अधिक साप वन्यजीव अधिकाऱ्यांनी जप्त केले. नागरिकांच्या ज्यूरीने मात्र त्याच्यावर खटला भरायला नकार दिला. शेजाऱ्यांना त्याचा धर्म पटत नसेल, पण तुरुंगही पटला नाही. हे या मुलखाचं वैशिष्ट्य म्हणायला हवं.

फेब्रुवारी २०१४ मध्ये उपासना चालू असताना कूट्सच्या उजव्या हाताला रॅटलस्नेक डसला. तो घरी गेला. ॲम्ब्युलन्सचे लोक घरापर्यंत आले. त्यांना उपचाराला नकार मिळाला आणि ते परत फिरले. ते गेल्यावर तासाभरातच त्याचा मृत्यू झाला.

चर्चची जबाबदारी त्याच्या मुलाने घेतली. २०१८ साली त्यालाही साप डसला, थेट कानाजवळ. सोबत्यांनी त्याला उचलून रुग्णालयात नेलं. तो वाचला.