प्लायवूडच्या खिडक्या

तावदान बदलायला माणूस आला होता. जुनी काच निघाली, चौकट थोडा वेळ उघडी राहिली आणि वारा सरळ टेबलावरच्या कागदांत शिरला. पोटात एकदम खड्डा पडला. फोर्ट वर्थ आठवलं, टेक्सासमधलं. मुलीकडे गेले की तिथल्या एका उंच इमारतीखालून फिरायला जायचे.

२८ मार्च २००० च्या संध्याकाळी टोर्नेडो त्या शहराच्या ऐन मध्यात घुसला. बँक वन टॉवरच्या पस्तिसाव्या मजल्यावरच्या रेस्टॉरंटमध्ये तेव्हा माणसं जेवायला बसलेली. काचा फुटल्या, सांगाडा उभा राहिला. मग कितीतरी काळ खिडक्यांच्या जागी प्लायवूड. पाडायचंही ठरत होतं. शेवटी तिथे लोकांची घरं झाली.

मला पडझडीपेक्षा ते प्लायवूडच जास्त छळतं. रोज कामावर जाणाऱ्यांनी मान वर करून तो आंधळा मनोरा पाहिला असेल, आणि पुन्हा काचेच्याच दुसऱ्या इमारतीत शिरले असतील. एवढा भरवसा कुठून येतो? तो मला हवाहवासा वाटतो, आणि त्याची भीतीही वाटते.

वादळी दिवसांत आभाळ हिरवट झालं की तिथे राहणाऱ्यांना काय वाटत असेल, असं मुलीला विचारलं होतं. तिनं विषय बदलला. मीही पुढे विचारलं नाही.