येते, माय!

भर दुपारी हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीची पोती उतरत असतात. अशा घाईत दोन ओळखीचे शेतकरी समोरासमोर येतात. "राम राम! जेवण झालं का?" असे एक विचारतो. "झालं की!" असे दुसरा उत्तर देतो. वास्तविक त्याच्या शिदोरीची गाठ अजून सुटलेलीही नसते. तरी तो खोटे बोलला असे कोणीही मानीत नाही. विचारणाऱ्याने जेवणाच्या निमित्ताने केवळ कुशल विचारलेले असते. दूर स्पेन देशातही वाटेत भेटलेला मनुष्य "के ताल?" म्हणजे "कसे काय?" असे विचारतो आणि उत्तरासाठी फारसा थांबत नाही.

निरोप घेतानाही असेच घडते. कळमनुरी असो की औंढा, पाहुणा घरातून निघताना "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो. स्पॅनिश माणूस "आस्ता लुएगो" म्हणतो. त्याचा अर्थ "पुन्हा भेटेपर्यंत". दोघेही जाताना परत येण्याचीच भाषा बोलतात.

याहून मोठी गंमत पुढेच आहे. जवळच्या माणसाला स्पॅनिश भाषेतही "तू" असेच म्हणतात! फार प्राचीन काळी एकाच मूळ भाषेतून फुटलेल्या शाखांवर या दोन्ही भाषा वाढल्या. त्या नात्याची ही खूण होय. मान द्यायचा असेल तेव्हा तेथे "उस्तेद" म्हणतात. "आपली कृपा" या अर्थाचे "वुएस्त्रा मेरसेद" हे लांबलचक संबोधन लोकांच्या तोंडी झिजून झिजून "उस्तेद" झाले. मराठी मूल गुरुजींना "तुम्ही" म्हणते, परंतु आईला "तू" म्हणते. त्या "तू"मध्ये अनादर नसतो. हिंगोलीजवळच्या नरसी येथे ज्यांचा जन्म झाला असे मानतात, त्या संत नामदेवांनी आपल्या विठ्ठलाला "तू" म्हणूनच आळविले.

या भागातील एखादी मुलगी शिक्षणासाठी मोठ्या शहरात जाते. पहिल्याच दिवशी ती शेजारणीला विचारते, "कामून गं, उशीर झाला?" आणि वर्गात हशा पिकतो. ती रुमालाला "दस्ती" म्हणते. पुन्हा हशा पिकतो. तिचा प्रदेश १९४८ सालापर्यंत हैदराबाद संस्थानात होता, तेथील कारभार उर्दूतून चाले, आणि त्या सहवासातून असे शब्द घरोघरी रुळले, हे हसणाऱ्यांना ठाऊक नसते. "काय म्हणून" झिजून "कामून" झाले, हेही त्यांना कोणी सांगितलेले नसते. मुलगी शब्द तोलू लागते. पुढे पुढे बोलणेच कमी करते.

सुट्टीत ती गावी येते. माय दारातच विचारते, "कामून गं, एवढी वाळलीस?" मुलगी उत्तरते, "काही नाही, अभ्यास फार असतो." माय क्षणभर तिच्याकडे पाहतच राहते. लेक घरी आली, पण लेकीची बोली मागेच राहिली!

अर्जेंटिना देशात "तू" ऐवजी "वोस" म्हणतात. हा जुना शब्द स्पेनमध्ये मागे पडला, पण अर्जेंटिनात घरोघरी टिकला. तेथील शिक्षकांनी पुष्कळ वर्षे त्याला अशुद्ध ठरविले. तरी मुले घरी, अंगणात आणि मित्रांत "वोस"च म्हणत राहिली. अखेर १९८२ साली तेथील भाषा-अकादमीने या शब्दाला शिष्टसंमत मानले.

प्रमाण भाषा शिकलीच पाहिजे. तिच्यामुळे हिंगोलीच्या मुलीचे पत्र कोल्हापुरात वाचता येते आणि नागपुरात समजते. परंतु सणाची वस्त्रे शिवली म्हणून कोणी मायेची गोधडी फेकून देत नाही. पत्र लिहिताना "का" लिहावे. मायेशी बोलताना "कामून" म्हणावे. कोठे काय बोलावे हे ज्याला कळते, त्यालाच भाषा आली असे समजावे.

सुट्टी संपते. मुलगी पिशवी उचलते. उंबऱ्यापाशी तिची पावले अडखळतात. माय पदराने डोळे टिपते. "कामून रडतीस गं?" मुलगी विचारते, आणि मायेच्या चेहऱ्यावर एकदम हसू उमटते.

"येते, माय!"

"ये, बाई."