मंडाले किती लांब?

परवा वर्गात लोकमान्यांच्या गद्यशैलीविषयी बोलत असताना एका विद्यार्थिनीने विचारले, ‘सर, आपल्या रत्नागिरीहून मंडाले किती लांब?’ ‘गीतारहस्या’तील वेचे आम्ही वर्षानुवर्षे शिकवत आलो, त्या ग्रंथाचे लेखन मंडालेच्या तुरुंगात झाले, हे वाक्यही दरवर्षी न चुकता उच्चारत आलो. पण हा प्रश्न आम्हांला कधी पडला नव्हता. घरी येऊन संगणकावर मोजले. सरळ हवाई रेषेत सुमारे २४५० किलोमीटर. विमानाच्या वेगाने धरले तर तीन-सव्वातीन तास. आमच्या गावाहून मुंबईला रेल्वेने जायलाही याहून जास्त वेळ लागतो.

ब्रह्मदेशच्या थिबा राजाला हेच अंतर तोडायला साडेचार महिने लागले. नोव्हेंबर १८८५च्या अखेरीस त्याने मंडालेचा राजवाडा सोडला. इरावतीतून रंगून, समुद्रमार्गे मद्रास, तेथे काही महिने नजरकैद आणि एप्रिल १८८६मध्ये रत्नागिरीचा किनारा. थिबाला हुतात्मा ठरवण्याचा आमचा मुळीच हेतू नाही; त्याच्या कारकिर्दीच्या आरंभी राजघराण्यातील आप्तांची जी कत्तल झाली, तिचा डाग पुसला जात नाही. तरीही परतीच्या प्रवासाला किती काळ लागला, या रकान्यात त्याच्या नावापुढे काहीच लिहिता येत नाही. डिसेंबर १९१६मध्ये तो येथेच वारला. त्याची कबरही येथेच आहे.

लोकमान्यांचा जन्म १८५६चा, रत्नागिरीतलाच. १९०८ ते १९१४ ते मंडालेला होते. म्हणजे ही सहा वर्षे रत्नागिरीचा माणूस मंडालेत कैदी आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत कैदी! दोघांच्या गोष्टी आम्ही लहानपणापासून ऐकल्या, पण वेगवेगळ्या तासांना; त्यामुळे त्या कधी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत. १९१२ साली सत्यभामाबाई पुण्यात निवर्तल्या. ती बातमी तारेने तुरुंगात पोचली. तारेला जे अंतर जवळचे होते, ते तोडायला लोकमान्यांना आणखी दोन वर्षे थांबावे लागले.

गेल्या रविवारी मुलांना घेऊन थिबा राजवाड्यावर गेलो. राजा येथे १९१०मध्ये राहायला आला. तो दुर्बिणीतून समुद्रावरची गलबते न्याहाळत बसे, असे गावात सांगतात. मुलेही साहजिकच समुद्राकडे तोंड करून उभी राहिली. आम्ही मास्तरी सवयीने म्हणालो, ‘अरे, मंडाले तिकडे नव्हे. सरळ रेषा धरली तर ते आपल्या पाठीमागे, सह्याद्रीच्या पलीकडे, बंगालचा उपसागर ओलांडून.’

तीच विद्यार्थिनी मान न वळवता म्हणाली, ‘पण सर, त्याची बोट तर इकडूनच आली होती ना?’