खोडलेली ओळ

आमच्या घरात शाळेची पुस्तके सोडली तर दुसरे पुस्तक नव्हते. तीही वर्ष संपले की धाकट्या भावाकडे जात. त्यामुळे ‘ज्ञानकोश’ या शब्दाचा मला फार धाक. अकरावीत ग्रंथालयात विश्वकोशाचे जाडजूड खंड पाहिले तेव्हा वाटले, एवढे ठाऊक असणारी माणसे केवढी मोठी असतील!

पुढे कळले, कोणीही लिहू शकेल असाही ज्ञानकोश असतो. मराठी विकिपीडिया २००३ पासून तसाच चालत आला आहे. तिथे पगारी संपादक नाहीत. लोक आपल्या सवडीने लिहितात, एकमेकांच्या चुका दुरुस्त करतात.

अशाच एका ज्ञानकोशात, गेल्या पावसाळ्यात, वसतिगृहातल्या खाटेवर पडल्या पडल्या मी आमच्या गोंड समाजावरची नोंद उघडली. मध्येच एक ओळ होती. आम्ही म्हणे जन्मतःच मंदबुद्धीचे, रानटी. आणि आमचा गोटुल म्हणजे निव्वळ व्यभिचाराचा अड्डा. छातीत धस्स झाले. ज्या गोटुलात बसून माझ्या आजोबांनी गावाचे तंटे मिटवले, जिथे परगावच्या पाहुण्याला रात्रीचा आसरा मिळे, तो हा गोटुल?

ओळ मी खोडली. दुसऱ्या दिवशी ती परत हजर! मग माझाही तोल सुटला. चर्चेच्या पानावर मी त्या अनामिकाच्या जातीचा, आईबापाचा उद्धार केला. त्याची जात मला ठाऊक तरी होती का? नव्हती. पण आपल्यावर जे हत्यार चालले, तेच रागात हाताशी येते.

संध्याकाळी पाहतो तो कोणा स्वयंसेवकाने दोन्ही मजकूर काढून टाकलेले. त्याला ताकीद, आणि मलाही ताकीद! मी पेटलो. घाव घालणारा आणि ओरडणारा, दोघांना एकच माप? तसे लिहिलेही. उत्तर शांतपणे आले : ओळ तपासा, लिहिणाऱ्याची जात काढू नका, आणि नोंदीत काय असावे ते आधारासह सांगा. त्या माणसाने तीच ओळ तिसऱ्यांदा घातली, तेव्हा त्याचे लिहिणे बंद करण्यात आले.

मी जिंकलो होतो का? तो दुसरे नाव घेऊन येऊ शकतो, हे मला कळत होते. आणि खोडलेली ओळही अशा कोशात सहसा नाहीशी होत नाही. पानाच्या इतिहासात ती राहते. फारच ओंगळ असेल तर व्यवस्थापक झाकून ठेवतात, एवढेच. खरा प्रश्न मोकळ्या झालेल्या जागेचा होता. तिथे काय लिहायचे? आजोबांचे बोलणे कुठे छापलेले नाही. मला सापडलेली पुस्तके बाहेरच्यांची. ग्रिगसनचे ‘द मारिया गोंड्स ऑफ बस्तर’ १९३८ चे. लेखक इंग्रज अधिकारी.

शेवटी आमच्याच धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाविषयी वाचत बसलो. तिथे निर्णय बहुमताने नव्हे, सर्वांच्या संमतीने होतात. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली देशात सर्वप्रथम ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले, त्यांत २००९ साली हे गाव होते. मी गोटुलाविषयी तीन वाक्ये लिहिली, खाली आधार दिला. ती कोणी खोडली नाहीत.

तेव्हा आठवले, सभेत कोणी शिवी दिली की आजोबा बोलणे थांबवत. तो माणूस निवेपर्यंत विषय पुढे जात नसे. मग तो शिवी देणारा पाटील असो की पोरगा. मला ताकीद देणारा तो अनोळखी स्वयंसेवक आजोबांच्याच पंगतीतला निघाला! त्या दिवशी मात्र मला तो वैरी वाटला होता.

दिवाळीच्या सुट्टीत घरी जाताना कोरी वही नेली. आजोबा सांगत होते, मी लिहीत होतो. मध्येच थांबून त्यांनी गोंडीत विचारले, “हे कशाला रे?”

“कोणी आधार मागितला तर दाखवायला,” मी म्हणालो.

ते हसले आणि म्हणाले, मग पहिल्यापासून लिही.