देखरेखीखालचे मद्यपान आणि पुण्याचा अनुभव

सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींना पबमध्ये, वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली, थोडेसे मद्य घेऊ द्यावे काय, हा प्रश्न एका पिढीपूर्वी मराठी मध्यमवर्गीय घरात मोठ्याने विचारला जाणे कठीण होते. आजच्या पुण्यात तो उघडपणे विचारला जातो आणि काही घरांत तर तो न विचारताच त्याचे उत्तर देऊन टाकलेले असते. ‘बाहेर चोरून पिण्यापेक्षा आमच्यासमोर घेतलेली बरी’ असे म्हणणारे पालक बेफिकीर असतातच असे नाही. उलट मुलगा आपल्यापासून काही लपवणार नाही, प्रमाण ओळखायला शिकेल आणि पुढे वसतिगृहात एकटा राहू लागला तरी वाहवत जाणार नाही, अशी काळजीच पुष्कळदा या म्हणण्याच्या मुळाशी असते. काळजीतून आलेले मत नुसत्या नैतिक संतापाने खोडून निघत नाही, त्याची तपासणी करावी लागते.

या मताला परदेशातल्या काही कायद्यांचा आधार दाखवला जातो. इंग्लंडमध्ये मद्य विकत घेण्याचे वय अठरा असले तरी सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला, सोबत प्रौढ व्यक्ती असेल, मद्य तिनेच विकत घेतले असेल आणि ते टेबलावरच्या जेवणाबरोबर घेतले जात असेल, तर बिअर, वाइन किंवा सायडर, म्हणजे सफरचंदाच्या रसापासून केलेले सौम्य मद्य, पिण्याची मुभा आहे. जर्मनीत आईवडील सोबत असल्यास चौदाव्या वर्षापासून बिअर आणि वाइन चालते, आणि हा अपवाद आता रद्द करावा अशी मागणी तिथेच होऊ लागली आहे. या तरतुदींमागे शतकानुशतके जेवणाच्या ताटाशेजारी मद्याचा पेला ठेवणारी एक संस्कृती उभी आहे. पुण्यातला पब हा त्या जेवणाच्या टेबलाचा अवतार नव्हे; तिथे जेवण दुय्यम असते आणि बहुतेक जण पिण्यासाठी, संगीतासाठी व रात्र लांबवण्यासाठीच येतात.

शिवाय देखरेखीने मुले संयम शिकतात, हे गृहीतक अभ्यासात टिकलेले नाही. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्य आणि ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्य यांतील शाळकरी मुलांची तुलना करणारा एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. वॉशिंग्टनमध्ये अल्पवयीनांनी मद्याला शिवूच नये असा आग्रह होता, तर व्हिक्टोरियात मोठ्यांसमोर पिण्याकडे अधिक मोकळेपणाने पाहिले जाई. तरीही मोठ्यांच्या देखत पिणाऱ्या मुलांमध्ये पुढे मद्यामुळे उद्भवणारे त्रास दोन्ही ठिकाणी अधिकच आढळले. ऑस्ट्रेलियात सुमारे १,९०० मुलांचा सहा वर्षे मागोवा घेणाऱ्या आणि २०१८ साली ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासातही, पालकांनी दिलेल्या मद्यामुळे मुलांना संरक्षण मिळाल्याचा पुरावा सापडला नाही. ज्यांना घरून मद्य मिळत होते, त्यांना ते बाहेरूनही मिळू लागण्याची शक्यता वाढलेली दिसली. मेंदूचा जो पुढचा भाग आवेगाला आवर घालतो आणि परिणामांचा अंदाज बांधतो, तो विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत असतो, हेही आता सर्वमान्य आहे. ‘थोडेच घे’ हे सांगणे ज्या शक्तीच्या भरवशावर केलेले असते, तीच शक्ती त्या वयात अपुरी असते आणि मद्य पहिल्या प्रथम तिलाच निकामी करते.

तथापि पुण्यापुरता या प्रश्नाचा निकाल लावणारी गोष्ट अभ्यासांच्या पलीकडे, याच शहरात घडलेली आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये सतरा वर्षांच्या मुलाने चालवलेल्या भरधाव पोर्शे गाडीने दुचाकीला धडक दिली आणि मूळचे मध्य प्रदेशातले, पुण्यात नोकरी करणारे दोन तरुण संगणक अभियंते मृत्युमुखी पडले. बारावी झाल्याच्या आनंदात त्या रात्री मित्रांसह कोरेगाव पार्क-मुंढवा परिसरातल्या दोन ठिकाणी या मुलाला मद्य दिले गेले होते आणि त्यांपैकी एका ठिकाणचे बिल ४८,००० रुपयांचे झाले होते, असे पोलीस आयुक्तांनी नंतर सांगितले. अपघातानंतर पंधरा तासांच्या आत बाल न्याय मंडळाने, म्हणजे अठरा वर्षांखालील मुलांच्या गुन्ह्यांचा विचार करणाऱ्या न्यायपीठाने, अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह जामीन दिला. देशभर संताप उसळला, जामिनाच्या आदेशाचा फेरविचार झाला, मुलाला निरीक्षणगृहात पाठवण्यात आले, आणि जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याला तिथून सोडण्याचा आदेश दिला. त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवावा ही पोलिसांची मागणी मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली.

निबंधाच्या अटीवर लोकांनी इतके बोलून घेतले की त्या रात्रीचा खरा धडा मागेच राहिला. त्या मुलाच्या भोवती देखरेख करणारे कोणी नव्हते असे नाही, एकामागून एक माणसे होती. मुलाला मद्याची सवय आहे हे ठाऊक असूनही वडिलांनी त्याला पार्टीला जाऊ दिले आणि परवाना नसताना गाडी दिली, असा पोलिसांचा आरोप आहे. मद्य देणाऱ्या ठिकाणी व्यवस्थापक होते, वाढपी होते, दारात उभे राहणारे रखवालदार होते. गाडीत घरचा प्रौढ चालकही बसलेला होता, परंतु मालकाच्या मुलाच्या हातून चाक काढून घेण्याचा अधिकार त्याला कोणी दिलेला नव्हता. अपघातानंतर ससून रुग्णालयात घेतलेला रक्ताचा नमुनाच बदलण्यात आला, या आरोपावरून दोन डॉक्टरांना अटक झाली. ज्याच्याकडे नजर होती त्याच्याकडे अधिकार नव्हता, आणि ज्याच्याकडे अधिकार होता त्याचा फायदा न पाहण्यात होता. देखरेखीखाली मद्यपान या कल्पनेचा सारा भार पाहणाऱ्याच्या तटस्थतेवर असतो, आणि ज्या धंद्यात प्रत्येक पेल्यामागे विक्री वाढते त्या धंद्याच्या दारात ती तटस्थता शोधणे व्यर्थ आहे. सोबत आलेला पालकही स्वतः पीत असेल, तर त्या टेबलावर सावध असे कोण उरले?

महाराष्ट्राचा कायदा याबाबत दिसायला फार कडक आहे, आणि त्याचे ढिलेपण नेमके त्या कडकपणातूनच आले आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमानुसार, जो आज महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणून ओळखला जातो, मद्य पिण्यासाठी व्यक्तीला परवाना लागतो. रस्तोरस्ती दिसणाऱ्या ‘परमिट रूम’ या पाट्या त्याच व्यवस्थेची खूण आहेत. हा परवाना मूळ कल्पनेनुसार आरोग्य राखण्यासाठी दिला जातो, एका दिवसाचा परवाना पाच रुपयांत मिळतो, आणि व्यवहारात तो पिणाऱ्याने मागितलाही नसतो व पाहिलाही नसतो. वयाची अट बिअर आणि वाइनसाठी एकवीस, तर व्हिस्की-रमसारख्या कडक मद्यासाठी पंचवीस वर्षांची आहे. मतदान करणारा, नोकरी करणारा, लग्न होऊन मूल झालेला चोवीस वर्षांचा माणूस या कायद्याने व्हिस्कीसाठी अपात्र ठरतो, आणि त्याला कोणी अडवत नाही. जुलै २०२४ मध्ये मुंबईत वरळीला झालेल्या अपघाताच्या तपासातही चालकाचे वय पंचवीसपेक्षा कमी असताना त्याला मद्य दिले गेल्याचे पुढे आले आणि ते देणाऱ्या बारवर कारवाई झाली, पण ती एका स्त्रीचा जीव गेल्यानंतर.

ज्या दारात तेवीस-चोवीस वर्षांच्या ग्राहकाला रोज बेकायदा आत घेतले जाते, त्या दारात सतरा वर्षांच्या मुलाला अडवण्याची सवय उरत नाही. पुण्यात हेल्मेटच्या सक्तीचे जे झाले, म्हणजे नियम कागदावरच राहिला, तेच वयाच्या अटीचे झाले आहे. म्हणून पंचवीसची अट सर्व मद्यांसाठी एकवीसवर आणावी आणि त्या रेषेखाली एकही अपवाद ठेवू नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ती अट खाली आणणे हे मद्याला प्रोत्साहन वाटेल, पण पाळता येणारी रेषाच मुलांचे रक्षण करू शकते. ओळखपत्र पाहिल्याशिवाय मद्य देणारे ठिकाण दुसऱ्या खेपेला कायमचे बंद व्हावे, कारण काही आठवडे सील लावून पुन्हा उघडू देणे ही शिक्षा म्हणून व्यापारी सहज पचवतो. पण ही कारवाई ज्याने करायची तो राज्य उत्पादन शुल्क विभाग, म्हणजे मद्याचा कर वसूल करणारा आणि त्याच मद्यावर नियंत्रण ठेवणारा विभाग, स्वतःच एका अडचणीत आहे: वसुली वाढावी आणि विक्री आटोक्यात राहावी, या दोन अपेक्षा एकाच खात्याकडून केल्या जातात.

वाढत्या मद्यविक्रीची चिंता पुण्याला नवी नाही. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद असताना, १८८० साली, शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांना त्यांनी लेखी विरोध केला होता. १९०८ साली टिळकांच्या पाठिंब्याने पुण्यात दारूच्या दुकानांसमोर स्वयंसेवक उभे राहिले. इतर बाबतींत एकमेकांपासून दूर असलेल्या या दोन परंपरांना मद्याच्या बाबतीत एकाच बाजूला उभे राहावेसे वाटले, याला आजच्या पुण्यात अधिक मोल दिले जायला हवे, कारण बाहेरगावाहून शिकायला आलेली, आईवडिलांपासून दूर राहणारी मुले इतक्या मोठ्या संख्येने सांभाळणारी शहरे महाराष्ट्रात फार थोडी आहेत. त्या मुलांच्या बाबतीत तर पालकांची देखरेख हा शब्दच लागू होत नाही.

आपल्या मुलाला जगाची ओळख करून द्यावी ही पालकांची इच्छा रास्त आहे, आणि मद्याविषयी घरात मोकळेपणी बोलले पाहिजे हेही खरे. पण बोलणे आणि पेला हाती देणे यांत अंतर आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७७ नुसार डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय अल्पवयीन मुलाला मद्य देणे हा सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाचा गुन्हा आहे, आणि मद्य देणारा आईबाप असला तर तो गुन्हा राहत नाही असे त्या कलमात कुठेही म्हटलेले नाही. या वर्षी बारावीच्या निकालानंतर मित्रांच्या पार्टीसाठी परवानगी मागायला मुलगा किंवा मुलगी समोर येईल, तेव्हा पुण्यातल्या पालकांनी जागा कोणती, सोबत कोण, परत कसे येणार आणि तिथे मद्य दिले जाते काय, एवढे स्पष्ट विचारावे, आणि शेवटच्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल तर पाठवू नये.