गाडीवरची रेघ पुन्हा आखणारी गल्ली

मुंबईला आलात की राणीची बाग, म्हातारीचा बूट, नेहरू तारांगण तुम्ही बघताच. आज आपण जाणार आहोत ते ठिकाण मात्र सहलीच्या यादीत नसतं! कुर्ला स्टेशनवर उतरायचं, पश्चिमेला बाहेर पडायचं आणि कलिन्याकडे जाणारा सीएसटी रोड धरायचा. गर्दी बरीच असते, तेव्हा आईबाबांचा हात सोडू नका.

दोन्ही बाजूंना दुकानंच दुकानं. आरसे, दिवे, बंपर, सीटची कव्हरं, सगळं गाडीचं. आतल्या गल्ल्यांत शिरलात की आधी आवाज येतो, ठक् ठक् ठक्! मग नाकाला झोंबणारा रंगाचा वास. ही डेंटर आणि पेंटर लोकांची वस्ती.

कुर्ल्याचं आणि मोटारीचं नातं जुनं आहे बरं का. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिचा कारखाना इथेच कुर्ल्याला होता. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तुमच्या आजोबांना आठवते ती पद्मिनी याच कंपनीची. पुढे कारखाना बंद झाला आणि त्या जागेवर कोहिनूर सिटी उभी राहिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये पद्मिनी टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यावरून गेली. पोचे काढणारे हात मात्र अजून इथे आहेत.

आता एक प्रयोग करा. वहीचा कागद एका कडेला धरून आडवा उचला. लगेच वाकतो, नाही का? आता त्याला मधोमध एक घडी घाला, थोडा उघडा आणि पुन्हा धरा. कागद ताठ! गाडीच्या दारावर आडवी जाते ना रेघ, तीही अशीच पत्र्याची घडी असते. तिला बॉडी लाइन म्हणतात. ती दिसायला छान असतेच, शिवाय जेमतेम मिलिमीटरभर जाडीच्या पत्र्याला ताठ ठेवते. त्यामुळे नेमक्या या रेघेवर पोचा आला, की डेंटरची खरी परीक्षा.

पहिलं काम हातोडीचं. पत्र्याच्या एका बाजूला डॉली नावाचा लोखंडी ठोकळा धरायचा आणि दुसऱ्या बाजूने हलके ठोके द्यायचे. घाई केली तर पत्रा ताणला जातो आणि फुगतो. पत्रा जवळजवळ जागेवर आला की मग लांबी. भूमितीतली लांबी नव्हे हं! पोचा भरायच्या लगद्याला लांबी म्हणतात. शंभर ग्रॅम लांबीत साधारण दोन ग्रॅम हार्डनर मिसळतात. रासायनिक क्रिया सुरू होते, लगदा कोमट होतो आणि थोड्याच वेळात घट्ट होऊ लागतो. म्हणून एका वेळी लागेल तेवढाच कालवायचा.

लांबी वाळली की घासकाम. पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळायचा, कारण नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांखाली खड्डे पडतात. आधी ८० नंबरचा खरखरीत पेपर, मग १८०, मग ३२०. नंबर मोठा तेवढा पेपर बारीक.

आणि रेघ? तिची युक्ती ऐका. दोन्ही बाजूंना जिथे मूळ रेघ शाबूत असते, तिथून तिथपर्यंत चिकटपट्टी ताणून लावायची. पट्टीच्या वरची बाजू घासायची, पट्टीला धक्का लावायचा नाही. मग पट्टी काढून घासलेल्या बाजूला लावायची आणि खालची बाजू घासायची. दोन उतार जिथे भेटतात, तिथे रेघ आपोआप उगवते!

ती सरळ आहे की नाही, हे कारागीर तळहाताने ओळखतो. डोळे मिटून हात लांबवर फिरवला, की डोळ्याला न दिसणारा उंचवटाही हाताला कळतो. नंतर प्रायमर मारून त्यावर काळ्या रंगाचा हलका फवारा देतात. पुन्हा घासल्यावर जिथे काळं राहील तिथे खड्डा, जिथे चटकन निघेल तिथे उंचवटा. मगच रंग.

आता महत्त्वाची गोष्ट. लांबी पोचा भरायला असते, झाकायला नसते. पत्रा न ठोकता वरून लांबीचा जाड थर थापला, तर काम लवकर होतं आणि दिसतंही छान. पण खाली गंज असेल तर तो आतून पसरतो, रंगाला फोड येतात आणि एक दिवस ढलपा निघतो. चांगला डेंटर दोन-तीन मिलिमीटरच्या वर लांबी सहसा जाऊ देत नाही. आईबाबा जुनी गाडी बघायला गेले, तर फ्रिजवरचं चपटं चुंबक बरोबर द्या. पोलादी पत्र्यावर ते जिथे चिकटत नाही, तिथे लांबीचा जाड थर असण्याची शंका घ्यावी.

या गल्लीत आणखी एक गोष्ट दिसेल. घासताना पिठासारखी धूळ उडते आणि किती तरी जण तोंडाला नुसता रुमाल बांधून काम करतात. बारीक धूळ रुमालातून जाते आणि छातीत बसते. त्यासाठी धुळीचा खास मास्कच हवा. तुमच्या ओळखीत कुणी हे काम करत असेल, तर त्यांना एवढं जरूर सांगा.

आज संध्याकाळी तुमच्या इमारतीखालच्या एखाद्या गाडीजवळ जा. मागच्या कोपऱ्याशी वाका आणि एक डोळा मिटून रेघेवरून पुढे बघा. कुठे लाट दिसते का? नाही दिसली, तर ती गाडी कधी ठोकलीच नसेल. नाही तर कुणीतरी तासन्‌तास तिच्यावरून हात फिरवला असेल!